बरी आहे

शनिवार, ३१ ऑगस्ट

उद्याच्या उपदेशाची सुरुवात अशी करायची:

"रस्ता न ओलांडलेल्या माझ्या मंडळींनो, काल संध्याकाळी समोरच्या भोंग्यातून तुमची बेअब्रू झाली आणि तुम्ही ती घरात बसून ऐकलीत. ज्याचा मुलगा बेकार, त्याचा विश्वास तोकडा. जिची कूस रिकामी, तिची प्रार्थना खोटी. ज्याला जिना चढताना दम लागतो, त्याने पाप लपवलंय. असं एक माणूस भोंगे लावून सांगतो आणि तुमचे शेजारी तिथे टाळ्या वाजवायला जातात. ज्याला खिळे ठोकले त्याच्या नावावर हा गृहस्थ सोफे विकतो आहे!"

सोफ्याचं वाक्य ठेवायचंच. चर्चसमोरचं फर्निचरचं दुकान बंद पडलं आणि तिथे या नव्या प्रचारकाने सभा थाटली. काचा त्याच, झुंबरं तीच, पुढच्या रांगेला न खपलेले सोफे. आमची मुलगी त्याला 'शोरूमवाला' म्हणते. पाळकाने असं बोलू नये, म्हणून मी फक्त इथे लिहितो.

हिला वाचून दाखवलं. ही अभ्र्यांच्या घड्या घालत होती.

"कसं वाटलं?"

"बरं आहे."

लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक उपदेशाला हिचं हेच उत्तर. आग ओतली तरी बरं आहे, पाणी ओतलं तरी बरं आहे.

रविवार, १ सप्टेंबर

सोफ्याला हशा मिळाला. पण हसायला माणसं कमी होती. मागचे बाक ओस पडले आहेत. घड्याळजी (घड्याळं दुरुस्त करतात, आमच्या मंडळीतले सगळ्यांत जुने वडीलधारे) दारात हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही चिडलात की माझे गुडघे मोकळे होतात, पाळकसाहेब. दर रविवारी चिडत जा."

शेवटच्या गीताला पायपेटीचे खालचे सूर गायब. बघतो तर हिचा डावा हात मांडीवर आणि उजव्यानेच वाजवणं चाललेलं.

"काय झालं?"

"काही नाही, चुकलं."

ही चुकत नाही. लग्नाआधीपासून ही या पेटीवर बसते आहे. लक्ष उडालंय. भोंग्याचं विष असं हळूहळू घराघरात शिरतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

माझ्या कपाटाची सगळ्यात वरची फळी दुःखाची आहे. देवाच्या राज्यात वेदना का, यावर माणसांनी जे जे लिहिलं ते बरंचसं त्या फळीवर आहे. आज एक पुस्तक काढायला गेलो तर बोटभर धूळ. खालच्या फळ्या मात्र लख्ख.

हिला म्हटलं, "वरच्या फळीनं काय पाप केलंय?"

"हात वर जात नाही हल्ली."

"वय झालं आपलं," मी म्हटलं आणि फळी स्वतः पुसली. मग तेच पुस्तक हिला दिलं, सहनशीलतेवरचं प्रकरण उघडून. हिने उशाशी ठेवलं. अजून खूण हललेली नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

आजच्यासारखा उपदेश फार दिवसांत झाला नव्हता. विषय: प्रेषिताच्या देहातला काटा. त्याने तो काढून टाकण्यासाठी विनवण्या केल्या आणि देवाने नकार दिला. मी म्हटलं, समोरच्या शोरूममध्ये त्या प्रेषिताला दारातूनच हाकललं असतं, तुझा विश्वास कमी म्हणून! आणि मग आतून आलं ते बोललो. "माझ्याच घरात एक बाई आहे. तिचा खांदा दुखतो, हात वर जात नाही. पण तोंडातून चकार शब्द नाही. ती आपला वधस्तंभ मुकाट्याने वाहते. हा खरा विश्वास!"

सगळ्यांच्या माना पायपेटीकडे वळल्या. घड्याळजींनी डोळे पुसले.

घरी आल्यावर हिने आधी माझं पान वाढलं. मग म्हणाली, "मंडळीत कशाला सांगितलंत?"

"अगं, गौरवच केला तुझा."

"हो. पण आता बोलायची सोय राहिली नाही ना."

केवढी ही नम्रता! कौतुकसुद्धा सोसवत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

मुलगी आईला दवाखान्यात घेऊन गेली होती, मला न सांगता. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे. गेल्या आठवड्यात तपासणी करून आणली, आज निकालासाठी रजा टाकली. काखेजवळ गाठ आहे. तपासणीचा निकाल वाईट. सोमवारी, तीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, हाताबाहेर गेलेलं नाही.

मुलगी माझ्यावर तापली होती. "आईला हे उन्हाळ्यापासून माहीत होतं, बाबा. एकाच घरात राहतो ना आपण?"

मी हिच्याजवळ बसलो. प्रार्थना केली, मनापासून केली, आवाज भरून आला. हिनेच माझ्या हातावर थोपटलं. "होईल सगळं," म्हणाली.

'वेदनेची शाळा' अशी उपदेशांची मालिका डोक्यात येते आहे.

शुक्रवार, २० सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

संध्याकाळची प्रार्थनासभा. जमलेलो आम्ही मोजकेच. ही नव्हती; थकल्यासारखं वाटतंय, घरी पडते म्हणाली होती. समोर भोंगा सुरूच होता, ढोल, टाळ्या, नेहमीचं. आणि अचानक सगळं थांबलं. शोरूमवाल्याचा तो तुपाळ आवाज आला, "सांग बहिणी, आता कसं वाटतंय?"

 मग, "बरी आहे."

हजारात ओळखेन तो आवाज. सगळा रस्ता त्याने भरून गेला.

"बरी झाली! ऐकलंत? पाळकांची बायको बरी झाली! हालेलूया!" आणि ढोल असे काही सुटले की आमच्या खिडकीची काच थरथरली. घड्याळजी उठले, खिडकी लावली, जागेवर येऊन बसले आणि काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने गीताचं पान शोधू लागले. त्या पान शोधण्याने मला जे लागलं, ते ढोलांनी लागलं नव्हतं.

घरी मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "त्या भोंदूच्या दारात गेलीस? मी जन्मभर उभा राहून काय केलं मग?"

"विचारलं त्यांनी."

"काय विचारलं?"

"दारात एक बाई उभी असते. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, कुठे दुखतं? मी सांगितलं. रडूही आलं. मग ते माईक घेऊन आले आणि कसं वाटतंय विचारलं. आता कुणी कसं वाटतंय विचारलं तर मी काय म्हणणार? बरी आहे म्हणते. तुम्हाला नाही का रोज म्हणत?"

"बरी आहे आणि बरी झाले यात फरक आहे, हे त्या गाढवाला कळत नाही?"

"तुम्हालाही नाही कळत," म्हणाली आणि आत गेली.

मुद्द्याला बगल देण्यात ही कुणाला हार जाणार नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

शोरूमच्या काचेवर हात-हात उंच अक्षरं: 'डॉक्टरांनी कापायला सांगितलं, प्रभूने बरं केलं!' खाली हिचा फोटो. कुठल्या तरी लग्नातला, हसरा. एका रात्रीत कुठून पैदा केला देव जाणे. दूधवाला थांबून वाचत होता. मला म्हणाला, "अभिनंदन, साहेब."

रविवार, २२ सप्टेंबर

गप्प बसलो असतो तर पाळक कसला? उपदेशानंतर जाहीर केलं: तीस तारखेला आपल्या बहिणीचं ऑपरेशन आहे, सगळ्या मंडळीने हॉस्पिटलच्या फाटकाशी यायचं. वधस्तंभ हातात घेऊन, गीत गात. जगाला दिसू दे की आमची माणसं दुखण्यापासून पळत नाहीत. आणि शोरूमवाल्याला जाहीर निमंत्रण, यावं आणि आपला चमत्कार ऑपरेशनच्या टेबलावर बघावा!

टाळ्या पडल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या! मीच हात वर करून थांबवल्या.

संध्याकाळी ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही जाणार ऑपरेशनला."

"म्हणजे तो म्हणतो ते खरं मानतेस तू?"

"मी कुणाचं काही मानलेलं नाही."

"मग?"

"फाटकाशी गाणी म्हणायची, आत मला कापायचं. त्यांचे लोकही येणार बघायला. मी काय मिरवणूक आहे?"

समजावलं. हा आपल्या दोघांचा प्रश्न राहिलेला नाही, सत्याची लाज राखायची आहे. ही नुसती देठं खुडत राहिली. शोरूमने हिच्यावर मोहिनी घातली आहे. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

कालचा दिवस गेला. हिने स्वतः हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, "आता बरं वाटतंय." मुलीने हातापाया पडून पाहिलं. मी म्हटलं, फाटकाचा कार्यक्रम रद्द करतो. ही म्हणाली, "आता रद्द करून काय? सगळ्या गावाला तारीख ठाऊक आहे. गेले की तुम्ही जिंकलात, नाही गेले की ते जिंकले."

"आणि तू?"

हा प्रश्न मुलीने विचारला. मला सुचायला हवा होता असं आत्ता लिहिताना वाटतंय.

रविवार, १३ ऑक्टोबर

मधले दिवस पत्रकात गेले. 'वधस्तंभ की शोरूम?' चार पानी. छापखानेवाला म्हणाला, वाचताना अंगावर काटा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाटलं. लोक परत येऊ लागले आहेत. आज मागच्या बाकांवरही माणसं होती. घड्याळजी मात्र पत्रकाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बाईसाहेबांचं कसं आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं.

शोरूममधल्या बायका दुपारी येऊन जातात. हिला सांगतात, दुखतंय म्हणू नकोस, म्हटलंस की मिळालेलं परत जातं. मी त्यांना दारातून परत पाठवलं. त्या गेल्यावर हिला समजावलं, त्यांच्यासारखं वागू नकोस, वेदना आली तर धीराने घे. हिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रविवार, २७ ऑक्टोबर

दुसऱ्या गीताचं तिसरं कडवं चाललं होतं. पायपेटीचा आवाज खाली खाली जाऊ लागला. भात्यात हवा नसली की ही पेटी एकदम बंद पडत नाही, सूर कण्हत कण्हत मरतो. आम्ही गातच राहिलो. मी तर डोळे मिटून गात होतो. मुलीची किंकाळी ऐकून डोळे उघडले. हिचं कपाळ पेटीच्या पट्ट्यांवर होतं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

डॉक्टरांनी मला आणि मुलीला बाहेर बोलावलं. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. पसरलंय. पाठीच्या हाडात आहे. त्रास कमी करता येईल, तेवढंच. तीस सप्टेंबरला आला असतात तर, असं म्हणून ते थांबले. वाक्य पूर्ण केलं नाही. भला माणूस.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

कपडे न्यायला घरी आलो आणि समोर भोंगा सुरू झाला. "एका बहिणीला प्रभूने बरं केलं होतं! पण तिच्या घरात अविश्वास होता. घरातल्या अविश्वासाने आशीर्वाद परत गेला!" फोटो काचेवरून काढून टाकलाय. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिलेत.

माझं रक्त उसळलं. टेबलाशी बसलो आणि उत्तर लिहायला घेतलं. मरणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणाऱ्या नराधमा, अशी सुरुवात. लेखणी अशी धावत होती की पान पुरेना. मुलगी हॉस्पिटलची पिशवी भरत होती. मागे येऊन उभी राहिली, वाचलं.

"छान आहे. आईला वाचून दाखवणार? ती म्हणेल बरं आहे."

"तू त्याची बाजू घेतेस?"

"त्याचं नावही काढू नका माझ्यापुढे. बुडणाऱ्या लोकांना त्याने दोराऐवजी सोफे दिले. पण तो परका आहे, बाबा. तिकडे आई बरी झालेली. इकडे आई वधस्तंभ वाहणारी. साधं आजारी पडायला आईने जायचं कुठे?"

पिशवी उचलून गेली. दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर मला भांडता आलं असतं.

कागद समोर पडून आहे. वरची फळीही समोर आहे. धूळ पुन्हा बसली आहे, आणि आज कळतंय की हात वर जात नाही हे हिने मला सांगितलं होतं. सरळ मराठीत सांगितलं होतं. मी हिला पुस्तक दिलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

दुपारी वॉर्डात मी एकटाच. खिडकीखाली कुणीतरी गाडी धूत होतं. मी शास्त्र उघडलं नाही, प्रार्थनाही केली नाही. स्टूल ओढून बसलो.

"कुठे दुखतंय?"

"बरी आहे."

"ते नको. कुठे दुखतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दारात कुणी अनोळखी पाहुणा उभा आहे आणि आत घ्यावा की नको ते ठरत नाहीये. "उपदेशात घालणार?"

"नाही."

"शपथ घ्या."

शपथ घ्यायची नसते असं मी लोकांना शिकवतो. घेतली.

मग ती बोलली. खांद्यापासून सुरुवात केली आणि खांद्यावर थांबली नाही. गाडी धुऊन झाली, दिवे लागले, नर्स दोनदा येऊन गेली, ती बोलतच होती. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. मध्येच एकदा हसली. म्हणाली, "किती हलकं वाटतं हो! उगाच तिकडे गेले." मग जरा थांबून, "उगाच तरी कसं म्हणू? त्या बाईने विचारलं होतं."

मी काहीच बोललो नाही. हे पहिल्यांदाच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

उद्याचं लिहून हॉस्पिटलात नेलं. हिला वाचून दाखवलं. पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकलं.

"कसं वाटलं?"

"लांबलंय," ही म्हणाली. "मधला शोरूमवाला काढून टाका. तो आपोआप पडेल. स्वतःला बडवून घेतलंय तेही काढा, लोक तुमचीच कीव करत घरी जातील. आणि माझा विषय नको."

इतक्या वर्षांत पहिलं मत. मी तिथेच, पलंगाच्या कडेवर कागद ठेवून, कात्री चालवली. उरलं ते एवढं. रस्त्याकडची खिडकी उद्या उघडी ठेवायला घड्याळजींना सांगितलंय.

"रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माझ्या लोकांनो, तुमचं दुखणं तुमच्यापासून चोरलं गेलं आहे. कुणी सांगितलं ते नाहीच, कुणी सांगितलं ते सुंदर आहे. आणि तुम्ही ओठ शिवून घेतलेत. शिपाई पकडायला आले त्या रात्री बागेत प्रभूला विचारलं असतं, कसा आहेस, तर तो बरा आहे म्हणाला नसता. जीव जायची वेळ आली आहे, तुम्ही माझ्याजवळ जागे राहा, असं त्याने मित्रांना सांगितलं. मित्र झोपले. त्याच्या मागून चालायचं म्हणजे दुःख सोसायचं, हे मी आजही सांगतो. पण वधस्तंभ स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर दिसला तर त्याचं वर्णन करायचं नसतं, खाली वाकून एक टोक उचलायचं असतं.

आज शेवटचं गीत होणार नाही. पायपेटी बंद आहे. उठा आणि सरळ घरी जा. घरात जे माणूस कधीच कुरकुरत नाही, त्याच्यासमोर बसा आणि विचारा, कुठे दुखतंय? उत्तर येईल, बरी आहे. त्या उत्तरावर उठू नका. पुन्हा विचारा."